पडते घेणे

गेल्या दिवाळीतली गोष्ट. वसुबारस दोन दिवसांवर आली होती. आमच्या घरी आकाशकंदील लावण्याचे काम कित्येक वर्षे माझ्याकडे आहे, आणि तो वाकडा लावण्याची परंपराही मी तितक्याच निष्ठेने पाळत आलो आहे. त्या दिवशी मात्र आमच्या कन्येने ते काम माझ्याकडून काढून घेतले. ती तेव्हा आठवीत होती. स्टुलावर चढून तिने खिळा ठोकायला घेतला आणि मी खाली उभा राहून, वडील माणसांनी अशा वेळी जे काम करायचे असते ते करू लागलो. म्हणजे सूचना देऊ लागलो.

खिळा बसला. तिच्या एका हातात हातोडी होती आणि दुसऱ्या हातात कंदिलाची सुटून आलेली कागदी झिरमिळी. माझ्या सूचनांमुळे असेल किंवा त्या असूनही असेल, दोन्ही वस्तू तिच्या हातून एकदमच निसटल्या. हातोडी धाडकन फरशीवर आदळली. झिरमिळी गिरक्या घेत घेत, सवडीने खाली आली.

"पाहिलंस?" मी म्हणालो. "जड वस्तू आधी पडते. म्हणून जड वस्तू जपून धरावी."

"बाबा, ती जड आहे म्हणून नाही आधी पडली," कन्या वरूनच म्हणाली. "झिरमिळीला हवेनं अडवलं. हवा नसती तर दोन्ही एकदम पडल्या असत्या."

मी हसलो. वडिलांचे हसणे कधीकधी फार वाईट असते. "अगं, दगड आणि पीस एकदम पडतील असं कुणी शहाणा माणूस म्हणेल का?"

"पण बाबा..."

"पण नाही आणि बिण नाही. वीस वर्षं मुलांना शिकवतोय मी. डोळ्यांनी धडधडीत दिसतंय आणि तू मला पुस्तकातलं सांगतेस! कंदील बांध आधी."

तिने निमूटपणे कंदील बांधला आणि खाली उतरली. कित्येक वर्षांत प्रथमच आमचा कंदील सरळ लागला होता. दिवा लावल्यावर गॅलरीत छान उजेड पडला. पण कन्येचा चेहरा पडला होता, तो काही त्या उजेडाने उजळला नाही.

रात्री निजानीज झाल्यावर सौभाग्यवती म्हणाली, "अहो, तिचं बरोबर असलं तर?"

मी काही बोललो नाही. मला झोप मात्र लागली नाही. कारण तिच्या त्या प्रश्नाने मला माझी शाळा आठवली होती. मी पाचवीत असेन. पृथ्वी गोल आहे हे गुरुजी फळ्यावर वर्तुळ काढून समजावीत होते. मी उठून विचारले, "गुरुजी, मग खालच्या बाजूची माणसं पडत कशी नाहीत?" गुरुजी म्हणाले, "तू जाऊन बघून ये, आणि मग आम्हाला सांग." सारा वर्ग हसला. मला बाकावर उभे करण्यात आले. मीही हसलो, कारण त्या वेळी दुसरे काही करण्यासारखे नव्हते. मात्र त्या दिवसापासून विज्ञानाच्या तासाला मला प्रश्न पडेनासे झाले. पुढे मी मराठी घेऊन एम.ए. झालो. भाषेची आवड होती म्हणून झालो, असे मी सर्वांना सांगतो. ते खरेच आहे. पण ते सगळे खरे नाही.

अंधारात पडल्यापडल्या (पाहा, इथेही तेच!) माझ्या मनात आले, की आपल्या भाषेत 'पडणे' या क्रियापदाएवढे कष्टाळू क्रियापद दुसरे नसेल. पाऊस पडतो, थंडी पडते. उजेड पडतो आणि अंधारही पडतो. बाजारात भाव पडतात, निवडणुकीत उमेदवार पडतात. स्वप्न पडते, भुरळ पडते, विसर पडतो. आणि प्रश्नही पडतो. प्रश्न 'विचारणे' हे आपल्या हातचे आहे. प्रश्न 'पडणे' हे पावसासारखे आहे. तो ज्याच्या अंगणात पडेल त्याच्या पडेल. पडणाऱ्या पावसाला दटावून माघारी धाडणारा माणूस शहाणा म्हणता येत नाही. मी त्या संध्याकाळी नेमके तेच केले होते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना गाठले आणि दोन पुस्तके मागून घेतली. त्यांनी ती दिली आणि 'मराठीच्या माणसाला ही कशाला हवीत' हे विचारले नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

पुस्तके उघडताच आरंभी मला फार बरे वाटले. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला थोर ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल चक्क माझ्या बाजूने होता! वस्तू जितकी जड, तितकी ती वेगाने पडते, असे तो शिकवीत असे. आणि शंका घेणारे अधूनमधून निघाले तरी युरोपातल्या शाळांतून सुमारे दोन हजार वर्षे तेच शिकवले जात होते. पण माझा हा आनंद दोन पानांपलीकडे टिकला नाही. सायमन स्टेव्हिन नावाच्या एका डच इंजिनियरने १५८६ साली एक प्रयोग छापून प्रसिद्ध केला. त्याने आणि त्याच्या एका मित्राने शिशाचे दोन गोळे घेतले, एक दुसऱ्याच्या दहापट जड. ते तीस फुटांवरून खाली ठेवलेल्या फळीवर एकदम सोडले. दहापट जड गोळा दहापट लवकर यायला हवा होता. पण फळीवर दोघांचा मिळून जणू एकच आवाज झाला.

मग गॅलिलिओ. पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून त्याने गोळे टाकल्याची कथा आपण सर्वांनी ऐकलेली असते. ती त्याच्या विव्हियानी नावाच्या शिष्याने मागाहून सांगितलेली आहे, आणि ती घडली की नाही याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण मला त्या मनोऱ्याची गरजच भासली नाही. १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात गॅलिलिओने एक साधा युक्तिवाद केला आहे, त्यानेच माझी विकेट पडली. तो म्हणतो, समजा, जड दगड वेगाने पडतो आणि हलका सावकाश. आता दोघांना दोरीने एकत्र बांधा. हलका दगड जडाला मागे ओढणार, म्हणजे ही जोडी एकट्या जड दगडापेक्षा सावकाश पडली पाहिजे. पण दोघांचे मिळून वजन तर वाढले! म्हणजे ती एकट्या जड दगडापेक्षा वेगाने पडली पाहिजे. एकच जोडी एकाच वेळी अधिक सावकाशही आणि अधिक वेगानेही कशी पडेल? मूळ समजूतच चुकीची, हा एकच मार्ग उरतो. तर्काचा हा पेच समजायला ना प्रयोगशाळा लागली ना गणित. इतक्या वर्षांत तो मला सुचला नव्हता, कारण मला प्रश्नच पडला नव्हता.

संध्याकाळी घरी आलो आणि कन्येला म्हणालो, "कालचं ते आपण करून पाहू या का?"

तिने माझ्याकडे संशयाने पाहिले. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि एक सोललेला नारळ व एक सुपारी घेऊन आली. नारळ अर्ध्या किलोच्या वर, सुपारी पाच-सहा ग्रॅमची. म्हणजे जवळजवळ शंभरपटींचा फरक. "फरशी फुटली तर बघा!" असा आतून इशारा आला, तेव्हा जेवणाचा लाकडी पाट मध्ये मांडला. "आणि नारळ फुटला तर?" मी विचारले. "तर करंज्यांना होईल," सौभाग्यवती म्हणाली. प्रयोगाला एवढी अनुकूल परिस्थिती स्टेव्हिनलाही लाभली नसेल.

पंच म्हणून आईला खुर्चीवर बसवले. तिला हल्ली नीट दिसत नाही, पण कान तिखट आहेत. कन्या स्टुलावर चढली. दोन हातांत नारळ आणि सुपारी एका पातळीत धरून तिने सोडली. पहिल्या खेपेला तिचा सुपारीचा हात अंमळ मागे राहिला. 'धप्' आणि पाठोपाठ 'टक्' असे दोन आवाज स्पष्ट ऐकू आले. दुसऱ्या खेपेला तिने दोन्ही मुठी नेमक्या एकाच वेळी उघडल्या.

"धप्!"

"अगं, सुपारी टाकलीस की नाही?" आईने विचारले.

सुपारी पाटावरून गडगडत माझ्या पायापाशी आली होती. ती जरा जरी मागे राहिली असती तरी मघासारखे वेगळे 'टक्' ऐकू आले असते. पुन्हा दोनदा करून पाहिले. तेच. पाटापर्यंतचे अंतर सुमारे दोन मीटर होते. वेग वजनाच्या प्रमाणात असता, तर नारळ पाटावर आदळला त्या क्षणी सुपारी तिच्या हातापासून जेमतेम दोन सेंटिमीटर खाली आलेली असायला हवी होती. दोन हजार वर्षांची समजूत आमच्या दिवाणखान्यात पाऊण सेकंदाच्या आत कोसळली.

"आणि आता झिरमिळी," कन्या म्हणाली. तिने दहा रुपयांचे नाणे घेतले, झिरमिळीचा नाण्याहून लहान असा तुकडा कापून नाण्यावर ठेवला आणि नाणे आडवे धरून सोडले. कागद नाण्याला बसल्यासारखा त्याच्याबरोबर खाली आला. गिरकी नाही, रेंगाळणे नाही. हवेची वाट नाण्याने मोकळी केली होती. हा प्रयोग वाचकांनी घरी अवश्य करून पाहावा. त्याला खर्च नाही आणि नाणेही परत मिळते. हवाच नाही अशा ठिकाणी तर खुद्द हातोडीचाच प्रयोग झालेला आहे. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मधल्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर उभे राहून एका हातातून हातोडी आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस सोडले. दोन्ही एकदम चंद्राच्या मातीवर पडली.

मी म्हणालो, "बाई, तुझं बरोबर होतं. माझं चुकलं. कालचं ओरडणंही चुकलं."

हे वाक्य उच्चारायला वाटते तितके जड नाही. पडते घेतले म्हणून माणूस पडत नाही. कन्या हसली आणि लगेच, ज्याला खरोखर प्रश्न पडतात त्याच्या उत्साहाने म्हणाली, "पण बाबा, पृथ्वी नारळाला जास्त जोरानं ओढते ना? मग तो आधी का येत नाही?"

याचे उत्तर त्या पुस्तकांत होते, आणि ते वाचताना मला आपल्या भाषेचे फार कौतुक वाटले होते. आपण 'जड' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतो. उचलायला कठीण ते जड. आणि जे आपण होऊन हलत नाही, हलवू गेल्यास कुरकुरते, तेही जड. या दुसऱ्या गुणालाच विज्ञानाच्या पुस्तकात 'जडत्व' म्हणतात. पृथ्वी नारळाला सुपारीच्या शंभरपट जोराने ओढते हे खरे; पण नारळाचा आळसही शंभरपट. रिकामी गाडी एका बैलाने ज्या चालीने जाते, त्याच चालीने शंभरपट भरलेली गाडी न्यायला शंभर बैल लागायचे. इथे जेवढी गाडी भरावी तेवढे बैल आपोआप जुंपले जातात. म्हणून चाल एकच. दोन्ही अर्थांचे 'जड' हे असे तंतोतंत जुळते कसे, याचा विचार आइन्स्टाइन १९०७ साली बर्नच्या पेटंट कचेरीत काम करीत असताना करू लागला. छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचे वजन जाणवणार नाही, असे त्याच्या मनात आले. आणि त्याच वाटेने जाऊन त्याने १९१५ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत पुरा केला. 'गुरू' या शब्दाचाही मूळ अर्थ जड असाच आहे. आदल्या दिवशी मी दोन्ही अर्थांनी गुरू झालो होतो.

त्याच पुस्तकात मला माझ्या बाकावरच्या प्रश्नाचेही उत्तर भेटले. आणि ते देणारा माणूस परका नव्हता. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, 'सिद्धान्तशिरोमणि' ११५० चा. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी काढलेल्या मठाला १२०७ साली दान मिळाल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. त्या ग्रंथाच्या गोलाध्यायात भास्कराचार्य सांगतात, की पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे. आकाशातली जड वस्तू ती आपल्याकडे ओढते आणि आपल्याला ती वस्तू पडल्यासारखी भासते. स्वतः पृथ्वी मात्र कुठे पडणार? तिच्या चहूबाजूंना आकाश सारखेच आहे. म्हणजे 'खाली' ही दिशा आकाशात कुठे टांगलेली नाही. पृथ्वीच्या मध्याकडे ते 'खाली'. पलीकडच्या माणसांची काळजी करण्याचे कारण नाही. ती तिथे आपल्यासारखीच उभी आहेत. ज्या प्रश्नासाठी मी बाकावर उभा राहिलो, तो साडेआठशे वर्षांपूर्वी एका आचार्याने हसण्यावारी न नेता ग्रंथात घेतला होता. हे वाचताना माझे डोळे का भरून आले, ते मी घरात कोणाला सांगितले नाही.

"म्हणजे न्यूटनच्या आधी आपणच शोध लावला!" माझी आई अभिमानाने म्हणाली. अभिमान जरूर असावा, पण तोही मापात असावा. पृथ्वी ओढते, एवढे भास्कराचार्यांनी सांगितले. ती किती ओढते आणि दूर गेल्यावर ही ओढ कशी कमी होते, याचे माप न्यूटनने दिले. एकाच्या पदरातले श्रेय दुसऱ्याच्या पदरात टाकण्याची काही गरज नाही.

तोवर कन्येचा पुढचा प्रश्न तयार होता. "पृथ्वी सगळ्यांना ओढते, मग चंद्र का पडत नाही?"

या वेळी मी हसलो नाही. "मला ठाऊक नाही," मी म्हणालो. "आपण दोघं मिळून वाचू."

आणि आम्ही वाचले. १६६५ साली प्लेगमुळे केंब्रिजचे विद्यापीठ बंद पडले आणि तरुण न्यूटन आपल्या खेड्यातल्या घरी येऊन राहिला. तिथल्या बागेत पडणाऱ्या सफरचंदावरून आपल्याला विचार सुचला, असे त्याने म्हातारपणी, १७२६ साली, एका स्नेह्याला सांगितले. ते फळ त्याच्या डोक्यावर पडले, ही लोकांनी घातलेली भर. त्याला पडलेला प्रश्न आमच्या कन्येचाच होता: फळाला ओढणारा हात चंद्रापर्यंत पोचत असेल का? त्याचे उत्तर असे, की चंद्रही पडतच असतो. उंच डोंगरावरून तोफेचा गोळा आडवा सोडला तर तो पुढे जाता जाता खाली पडतो. आणखी वेगाने सोडला तर आणखी दूर पडतो. पण पृथ्वी गोल आहे; पुढे पुढे जमीनही खाली वळत जाते. वेग पुरेसा असला, तर गोळा जितका पडतो तितकीच जमीन त्याच्याखालून वळते. तो पडत राहतो आणि जमिनीला कधीच टेकत नाही. चंद्राचे तेच आहे. २०२५ साली शुभांशु शुक्ला ज्या अंतराळस्थानकात जाऊन आले, त्याचेही तेच. तिथे माणसे तरंगतात, म्हणून तिथे गुरुत्वाकर्षण नाही, असा माझा समज होता. वस्तुतः सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरच्या त्या स्थानकाजवळही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ नऊ-दशांश असते. स्थानक आणि त्यातली माणसे एकत्रच पडत असतात, आमच्या नारळ-सुपारीसारखी. म्हणून ती एकमेकांना वजनरहित वाटतात.

आता माप. इथे सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठपट दूर आहे. न्यूटनच्या नियमाप्रमाणे तिथे ओढ साठाच्या वर्गाने, म्हणजे ३६०० पटींनी कमी. म्हणून फळ इथे एका सेकंदात जितके पडते, तितके पडायला चंद्राला एक मिनिट लागते. आणि चंद्राच्या फेरीवरून हिशेब केला तर तो खरोखर तितकाच पडत असतो. १६८७ च्या ग्रंथात न्यूटनने हा हिशेब मांडला, आणि बागेतले फळ व आकाशातला चंद्र एकाच नियमाने बांधले गेले.

आमची कन्या एकुलती एक आहे. भाऊबीजेच्या संध्याकाळी ती आजीच्या सांगण्यावरून गॅलरीत उभी राहून चंद्राला ओवाळते. त्या दिवशीही तबक घेऊन ती उभी राहिली. पश्चिमेला बीजेची कोर अगदी बारीक, मावळायच्या बेताला आलेली. तिने सावकाश ओवाळले, अक्षता टाकल्या आणि म्हणाली, "बाबा, एक मिनिट झालं असेल ना? म्हणजे माझा भाऊ साठ किलोमीटर पुढे गेला आणि ४.९ मीटर पडला."

"पडू दे," आई म्हणाली. "पडत असला तरी दर बीजेला येतो ना वेळेवर!"

यंदाही कंदील कन्याच लावणार आहे. मी स्टूल धरणार आहे. सूचना देणार नाही, असे कबूल केले आहे. आणि हातातून काही निसटलेच, तर आधी खाली काय आले ते पाहायचे आणि मग बोलायचे, असे आमच्या दोघांत ठरले आहे.